गाड्या पास करणारी सून

दीपमालाच्या नोकरीला सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत तिनं आपलं काम लोकांना निदान दहा तऱ्हांनी सांगून पाहिलं होतं. माहेरी ती म्हणायची, लॅबमध्ये आहे. लॅब म्हटलं की मावशी लगेच बाही वर करून विचारायची, "मग माझी शुगर बघतीस का?" सासरी म्हणायची, क्वालिटीत आहे. क्वालिटी म्हणजे काय हे कुणाला कळायचं नाही, पण कळलं नाही असं कबूल करायलाही कुणी तयार नसायचं, त्यामुळं तो शब्द बरा चालायचा. बजाजनगरातल्या शेजारणीला, मालनबाईंना, तिनं एकदा खरं ते सांगून टाकलं. त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की दीपमालालाही हसू आलं. पुढं आठवडाभर जिन्यात भेटल्या की त्या विचारायच्या, "काय, निघालं का नाक ड्युटीला?"

तसं काम अवघड नव्हतं, सांगायलाच अवघड होतं. वाळूजच्या त्या कारखान्यात मोटारीच्या आतलं सामान व्हायचं. छताचं अस्तर, दाराच्या आतल्या बाजू, पायाखालचं कारपेट. नवी गाडी काचा बंद करून उन्हात उभी केली की हे सगळं तापतं आणि वास सोडतं. तो किती सुटला तर चालेल हे यंत्राला पुरतं कळत नाही, त्याला माणसाचं नाकच लागतं. म्हणून मालाचा एक तुकडा कापून काचेच्या बरणीत घालायचा, झाकण लावून भट्टीत तापवायचा, आणि मग पाच जणांनी एकामागून एक झाकण जरासं सरकवून वास घ्यायचा. आपसात बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. कागदावर एक ते सहामधला एक आकडा लिहायचा. एक म्हणजे वासच नाही, सहा म्हणजे सहन होत नाही. त्या पाचांत दीपमाला होतीच, शिवाय बीएस्सीला केमिस्ट्री केलेली असल्यामुळं सगळ्यांचे आकडे बघून माल पुढं जाऊ द्यायचा की अडवायचा हेही तीच लिहायची.

तिचा नवरा कृष्णा दुसऱ्या एका कंपनीत लेथवर होता. त्याला कुणी विचारलं की तो म्हणायचा, "मशीनवर आहे," आणि विषय संपायचा. दीपमालाला कधीकधी त्या एका शब्दाचा हेवा वाटायचा.

जानेवारीत तिचे सासरे, काकासाहेब, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले. गाव कन्नडच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी. शेतात अद्रक आणि मका. सासूबाई आवडाबाई म्हशींसाठी मागं राहिल्या. ऑपरेशन झालं, डोळ्यावर काळा चष्मा आला, आणि डॉक्टरांनी बजावलं की महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. जन्मभर पहाटे वावरात जाणारा माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसला. करायला काहीच नसल्यामुळं ते घरातल्या माणसांकडं बघू लागले, आणि चारच दिवसांत सुनेचं एक कोडं त्यांच्या लक्षात आलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी ही बाई सकाळी लसणाची चटणी खायची नाही. चहासुद्धा घ्यायची नाही. पावडर नाही, केसाला तेल नाही. नुसती दशमी आणि पाणी.

दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी विचारलंच. "बाई, कोन्या देवाचा उपास धरलाय गं?"

"उपास नाही, मामा. आज ड्युटी तशी आहे."

"लसूण चालत नाय अशी कोनती ड्युटी?"

तेवढ्यात खाली कंपनीची बस आली. दीपमाला पायात चपला सरकवत म्हणाली, "संध्याकाळी सांगते," आणि पळाली. दिवसभर मात्र ती मनात जुळवाजुळव करत होती. मावशीला सांगितलेलं चालणार नव्हतं, मालनबाईंना सांगितलेलं तर मुळीच नाही. काकासाहेब गावात मानाचा माणूस. सोयरिकीच्या बैठकीत त्यांना बोलावणं असायचं. त्यांना आपल्या सुनेची लाज वाटू नये एवढीच तिची इच्छा होती.

संध्याकाळी त्यांच्या डोळ्यात थेंब घालून झाल्यावर ती समोर बसली आणि सरळ म्हणाली, "मामा, मी वास घेते."

काकासाहेब डोळे मिटून थेंब मुरू देत होते. "कशाचा?"

"गाडीच्या सामानाचा."

"अन मग?"

"मग पास करते. नाहीतर नापास करते."

म्हातारा ताठ बसला. "म्हंजी तू गाड्या पास करतीस!"

दीपमालानं क्षणभर विचार केला. गाड्या नाही, गाडीचं सामान, तेही सगळं नाही. पण सासऱ्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला होता की तिला तो मोडवेना. "तसंच काहीतरी," ती म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.

चूक झाली ती इथंच.

त्याच संध्याकाळी काकासाहेबांनी आवडाबाईंना फोन लावला. मग चुलतभावाला. मग सोयऱ्यांना. फोनवर ते नेहमीच मोठ्यानं बोलायचे, त्यामुळं स्वयंपाकघरात दीपमालाला सगळं ऐकू येत होतं. "अरे, आपली सून गाड्या पास करती! तिनं सही केल्याबिगर हालत नाय!" सही हा शब्द कुठून आला ते तिला कळेना. कृष्णा शिफ्टवरून आला, तिनं त्याला सांगितलं, तर तो हात धुताधुता हसत म्हणाला, "सांगू दे गं. त्यांना बरं वाटतंय ना?"

रविवारी सकाळी दारात सांडू उभा. सांडू म्हणजे काकासाहेबांच्या बांधाला बांध असलेला शेतकरी. पन्नाशीचा, उंच, बोलायला तयार. स्वतःच्या पिकअपमध्ये अद्रक घालून तो शहरात मार्केटला यायचा. एका हातात अद्रकीचं लहान पोतं, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. काकासाहेबांच्या पाया पडला, डोळ्याची चौकशी केली, पाणी प्याला, आणि पिशवी उघडून त्यानं कागदांची चळत दीपमालाच्या हातात दिली.

"सूनबाई, हे घ्या. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, समदं हाय. पासिंग संपून दोन महिने झाले. एजंटाच्या दारी चकरा मारून बेजार झालो. काकासाहेब म्हनले आपली सून गाड्या पास करती. मंग म्हनलं, घरचं मानूस आरटीओत असताना आपन लोकांचे पाय कशाला धरायचे?"

दीपमालानं कागदांकडं बघितलं, मग सासऱ्यांकडं. काळ्या चष्म्यामागं काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण त्यांचे हात गुडघ्यावर गच्च बसले होते.

"सांडूकाका," ती म्हणाली, "मी आरटीओत नाही. मी कंपनीत आहे. गाडीच्या आत जे सामान बसवतात ना, त्याचा वास तपासते."

"वास?"

"हो. जास्त येत असेल तर माल अडवते."

सांडूनं कागद परत पिशवीत घातले. एकेक करून, नीट. "नुसता वास घ्यायचा," तो म्हणाला, "अन कंपनी पगार देती?"

त्याच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता, खरंच नवल वाटलं होतं त्याला. तेच जास्त लागलं. काकासाहेब एवढंच म्हणाले, "सांडू, च्या घे." सांडूनं चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलला आणि गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज खालून आला, तरी दोघं बसल्या जागेवरून हलली नाहीत.

पुढचे दोन दिवस काकासाहेब फारसं बोलले नाहीत. रागावले नव्हते, चहा-जेवण वेळेवर चालू होतं, पण फोन त्यांनी हातात घेतला नाही. दीपमालाला राहून राहून वाटायचं, आपणच नीट सांगितलं नाही. दुसरीतल्या सायलीला, तिच्या मुलीला, हे कधीच अवघड गेलं नव्हतं. ती शाळेत सांगून मोकळी झाली होती की माझी आई नाकानं नोकरी करते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकासाहेब म्हणाले, "मला दाखव."

"काय, मामा?"

"तुझं काम. सांगू नको, दाखव."

सुट्टीच्या दिवशी दीपमाला शहागंजच्या बाजारात गेली आणि झाकणाच्या पाच एकसारख्या बरण्या घेऊन आली. एकीत कृष्णाच्या जुन्या रेनकोटाचा तुकडा घातला, दुसरीत चपलेच्या तळव्याचा, तिसरीत सायलीच्या नव्या दप्तराच्या पट्ट्याचा, चौथीत सांडूनं आणलेल्या पोत्याचा. मोठ्या पातेल्यात गरम पाणी करून पाचही बरण्या त्यात ठेवल्या. पातेलं रोजचंच होतं, पण सायलीनं आकडे लिहायला पाटी आणली तेव्हा घराला अगदी परीक्षेची कळा आली.

"तोंड घालायचं नाही," दीपमालानं सांगितलं. "झाकण एवढंसं सरकवायचं, एकदाच घ्यायचा, आणि आकडा."

रेनकोटाच्या बरणीला काकासाहेबांचं डोकं झटक्यानं मागं गेलं. "सहा! सात असंल तर सात लिही." चपलेला चार दिले. दप्तराला तीन. पाचव्या बरणीला बराच वेळ विचार करून दोन दिले.

"ती रिकामी आहे, मामा."

"आं?"

"आम्हालाही दर खेपेला एक रिकामी ठेवतात. माणूस शोधायलाच बसला की नसलेला वासही लागतो. ते ओळखायला यावं म्हणून."

काकासाहेब मोठ्यानं हसले. सांडू येऊन गेल्यापासून पहिल्यांदा हसले. "फसवलं की गं मला!" मग राहिलेली पोत्याची बरणी त्यांनी उचलली. झाकण सरकवलं, वास घेतला, झाकण लावलं आणि नियम मोडून पुन्हा एकदा घेतला.

"हे पोतं कधी तरी भिजलंय," ते म्हणाले. "आता कोरडं दिसतंय, पन आतून गेलंय ते. ह्यात माल ठिवला तर महिन्यात खराब होईल."

दीपमालानं बरणी घेऊन स्वतः हुंगली. खरं होतं. तो वास तिच्याही नाकात शिरला होता, पण त्याचं कारण तिला सांगता आलं नसतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं म्हंजी?" काकासाहेब खुर्चीत मागं टेकले. "अद्रकीला सड लागती ना, ती पान पिवळं पडल्यावर समद्यांना दिसती. पन त्याच्या आधी चार-पाच दिस मातीला वास येतो. आंबुस, कुजका. मी सरीत बसून माती हुंगतो. तुझ्या सासूला वाटतं म्हातारा कंबर मोकळी करायलाय."

"मग तुम्हीही वास घेता, मामा."

"व्हय की. पन मला कुनी इचारलं तर मी सांगतो, शेती करतो. मग कुनी फुडं इचारतच नाय."

त्या संध्याकाळी ते गॅलरीत बसून काहीतरी पुटपुटत होते. दीपमाला चहा घेऊन गेली तेव्हा कळलं की सांडूला काय सांगायचं त्याची तयारी चालली आहे. "गाडीला सड लागायच्या आधी आपली सून—"

"सड नाही, मामा. गाडीला सड लागत नाही."

"तू गप गं. तुझं बरोबर असंल, पन कळत नाय कुनाला."

पुढच्या आठवड्यात सांडू पुन्हा अद्रक घेऊन शहरात आला. या खेपेला तो वर यायला जरा कां-कूं करत होता. काकासाहेबांनीच गॅलरीतून हाक मारून बोलावलं, समोर बसवलं आणि मांडी घातली.

"हे बघ, सांडू. तू नवी गाडी घेतली. उन्हात उभी केली. घरची मानसं आत बसली अन त्या वासानं पोरांना मळमळाया लागलं. घेशील का तसली गाडी?"

"नाय बा."

"मग कंपनी काय करती? आधीच पाच मानसं बसवती. ते तापलेल्या मालाला नाक लावत्यात. नाक बी साधं नाय. लसूण नाय, च्या नाय, तंबाकू नाय, उपासागत पाळावं लागतं. त्या पाचांत आपली सून हाय. तिनं नाय म्हनलं का ट्रकभर माल गेटातून भाईर पडत नाय."

"साहेबानं सांगितलं तरी?"

"साहेबाच्या बापानं सांगितलं तरी."

हे मात्र अगदी खरं नव्हतं. साहेब कधीकधी पुन्हा तपासायला लावायचे. पण दीपमाला दारात उभी राहून ऐकत होती आणि तिनं काही दुरुस्त केलं नाही. आपल्या कामाबद्दल इतकं चांगलं बोललेलं तिनं आजवर ऐकलं नव्हतं, कंपनीतही नाही.

सांडूनं मान डोलावली, पण डोळ्यांत मिश्कीलपणा आलाच. "मंग माझ्या गाडीचा घ्या की वास, सूनबाई. आरटीओ नाय तर नाय, तुमी तर पास करा."

काकासाहेबांनी दीपमालाकडं बघितलं. तिनं पदर खोचला आणि ती जिना उतरली.

पिकअप लिंबाच्या झाडाखाली उभी होती. दीपमाला आत बसली, दोन्ही काचा वर केल्या आणि डोळे मिटले. बाहेर कृष्णा, सांडू, काकासाहेब आणि मालनबाई उभे. मालनबाई अर्थातच हसत होत्या. दोन-तीन मिनिटं गेली. मग ती डाव्या सीटकडं सरकली, डॅशबोर्डखाली वाकली, आणि दार उघडून बाहेर आली.

"डिझेल, तंबाखू, अद्रक, उदबत्ती," ती म्हणाली. "आणि उंदीर."

"काय बी काय!" सांडू म्हणाला. "मेला असता तर मला बी वास आला असता."

"मेलेला नाही. जिवंत आहे. तिथं डावीकडं राहतोय. त्याच्या लघवीचा वास आहे."

कृष्णानं घरून पेचकस आणला आणि डॅशबोर्डाचं खालचं झाकण खोललं. आत कागदाच्या चिंध्या, शेंगांची टरफलं, सांडूच्या हरवलेल्या उपरण्याचं एक टोक, असं झकास घरटं होतं. घरमालक एका उडीत बाहेर आला आणि मालनबाईंच्या पायांवरून पळाला. त्या किंचाळल्या, मग त्यांचं हसणं थांबलं. घरट्यामागं दोन वायरी कुरतडलेल्या होत्या, आतली तांब्याची तार उघडी पडली होती.

"आरं तिच्या!" सांडूनं कपाळाला हात लावला. "पंधरा दिस झाले, हॉर्न वाजत नाय!"

"हॉर्नशिवाय पासिंगला गेला असता," कृष्णा म्हणाला, "तर तिथल्या तिथं नापास."

काकासाहेब हातातली काठी एकदा इकडं, एकदा तिकडं टेकवत उभे राहिले, आणि सगळे वर गेले तरी खालीच राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडं पडलेलं घरटं दाखवत होते.

आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण सांडू गावी गेला आणि त्यानं त्याला जे कळलं ते सांगितलं. चार दिवसांत फोन सुरू झाले. काकासाहेबांची सून गाडीतले उंदीर हुडकती म्हणे. कुणाच्या ट्रॅक्टरला उंदीर, कुणाच्या बोलेरोला. सिल्लोडकडच्या एका गृहस्थानं तर मळणीयंत्र घेऊन येऊ का म्हणून विचारलं. काकासाहेब प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगायचे, बरण्या, भट्टी, आकडे, आणि पलीकडचा माणूस सगळं ऐकून घेऊन म्हणायचा, "बरं, पन उंदीर सापडंल ना?" ते फोन ठेवून चिडायचे. दीपमालाला मात्र या खेपेला काही लागलं नाही. पोळ्या लाटतालाटता तिला हसू फुटायचं. गावभर आपल्या नाकाची वाहवा चालली आहे, मग ती कशापायी का असेना, हे तिला मनापासून आवडलं होतं.

महिना झाला. डॉक्टरांनी चष्मा काढायला परवानगी दिली आणि दीपमाला आणि कृष्णा काकासाहेबांना पोचवायला निघाले. कन्नडला बाजाराचा दिवस होता. गावाकडं जाणारी जीप भरायला वेळ होता, म्हणून काकासाहेब त्यांना अद्रकीच्या व्यापाऱ्याकडं, सोमनाथशेठकडं, घेऊन गेले. साठीचा बारीक माणूस, पोत्यांच्या ढिगासमोर लाकडी पेटीवर बसलेला. तिथं सांडूही होता. त्यानं लांबूनच ओरडून सांगितलं, "शेठ, हीच ती! उंदरावाली!"

काकासाहेब पुढं सरसावले. त्यांनी घसा साफ केला, त्यांचं ते सगळं नवी गाडी, ऊन, पोरं असं ओठावर आलेलं दिसत होतं. दीपमालानं हळूच त्यांच्या हाताला हात लावला.

"मी गाडीच्या सामानाचा वास तपासते, शेठ," ती म्हणाली. "कारखान्यात. नाकानं."

सोमनाथशेठनं तिच्याकडं नीट बघितलं. हसला नाही. "मंग सर्दी झाली की?" त्यानं विचारलं.

सहा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"बसूच देत नाहीत," ती म्हणाली. "बरं होईपर्यंत दुसरं काम देतात."

"नशीबवान हायसा. आमाला कोन दुसरं काम देतंय? मी तेव्हा तुकडा चावून बघतो. पन त्यात निम्मंच कळतं." त्यानं बाजूच्या ढिगातून एक गड्डा उचलला, मोडला आणि तिच्यापुढं धरला. "हे बगा. कधी काढली असंल?"

दीपमालानं वास घेतला. ओली माती, तिखट, आणि त्याच्या तळाशी किंचित गोडसर काहीतरी. "मला अद्रकीतलं कळत नाही, शेठ. पण ही आजची नाही एवढं कळतंय."

"परवाची. बरोबर. आता ही बगा." त्यानं दुसऱ्या ढिगातला गड्डा मोडला. सांडू जवळ आला. काकासाहेबांनी पिशवी खाली ठेवली आणि एका रिकाम्या पोत्यावर निवांत बसले. कृष्णा येऊन म्हणाला, जीप भरली, चला. "जीपवाल्याला थांब म्हनावं जरा," काकासाहेब म्हणाले, "आमचं काम चाललंय."